वादळात गेलेलं छप्पर: दुरुस्ती कशी करायची, विम्याचा दावा कसा मांडायचा

(ऑनलाइन मंचावरची चर्चा. प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

वळचण

३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला लागून उत्तरेकडे सरकलं. दोन्ही वेळा कोकणात हजारो घरांची छपरं गेली आणि दोन्ही वेळा पावसाळा दाराशी होता. अशा वेळी मिळेल तो कारागीर आणि मिळेल तो पत्रा घेऊन घर झाकलं जातं. विमा असलाच तर त्याची आठवण ढिगारा उचलून झाल्यावर होते.

दुरुस्ती आणि दावा या दोन्ही गोष्टी एकाच धाग्यात हव्यात, कारण दोन्हींचा पहिला प्रश्न एकच आहे: आधी काय सुटलं? ते कळलं तर दुरुस्ती योग्य जागी होते आणि नुकसान वादळानेच झालं हे सिद्धही करता येतं. अनुभवाच्या गोष्टींपेक्षा मापं, साहित्य आणि पद्धत लिहा अशी विनंती.

पहिल्या दिवसाचं मी लिहितो. छपराखाली जाण्याआधी मेन स्विच बंद करा. सर्व्हिस वायर पत्र्यावर पडली असेल तर पत्र्याला हात लावू नका, महावितरणला कळवा आणि लाईन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत थांबा. मग फोटो काढा. चारही बाजूंनी अख्खं घर, प्रत्येक खोलीतून वर बघून छप्पर, आणि जमिनीवर पडलेली कौलं-पत्रे जिथे पडले तिथेच. उडालेला पत्रा शेजारच्या आवारात गेला असेल तर तिथलाही. झाडूला हात त्यानंतर.

ताडपत्री टाकताना ती आढ्यावरून पलीकडच्या उतारावर किमान तीन फूट गेली पाहिजे. नाहीतर पाणी ताडपत्रीखालूनच आत येतं. कडेला लाकडी रीप गुंडाळून ती रीप वळचणीच्या खाली वाशाला बांधा. चांगल्या कौलात किंवा पत्र्यात खिळा मारून ताडपत्री धरू नका, एका गळतीच्या जागी दहा होतात.

कोनवासा

चांगला धागा. छप्पर का उडतं ते आकड्यांत मांडतो.

वाऱ्याचा दाब काढायचं सूत्र आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात आहे: ०.६ गुणिले वेगाचा वर्ग. वेग मीटर प्रति सेकंदात, उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये. निसर्गचे झोत ताशी १२० किमीपर्यंतचे होते, म्हणजे सुमारे ३३ मीटर प्रति सेकंद. दाब येतो साधारण ६८ किलो प्रति चौरस मीटर. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो.

हा दाब छपराला नुसता खाली ढकलत नाही. वारा आढ्यावरून पलीकडे उतरताना आणि कडांवरून वळताना छपराला वर ओढतो. ओढ सगळ्यात जास्त असते ती वळचणीला, आढ्याला, पाखाच्या (छपराच्या एका उताराच्या) कडांना आणि कोपऱ्यांत. तिथे ती वर काढलेल्या आकड्याच्याही पुढे जाते.

आता वजनं बघा. मंगलोरी कौल अडीच-पावणेतीन किलोचं आणि चौरस मीटरला साधारण १६ कौलं, म्हणजे ४० ते ४४ किलो. मधल्या भागात कौल बहुधा टिकतं, कडेला उचललं जातं. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला जेमतेम साडेचार किलो. १२ फूट बाय साडेतीन फुटांच्या एका पत्र्याचं क्षेत्र ३.९ चौरस मीटर. त्याचं वजन १७-१८ किलो आणि त्याला वर ओढणारा जोर अडीचशे किलोच्या पुढे. पत्रा वजनावर बसत नाही, तो धरून ठेवावा लागतो.

वाऱ्याच्या बाजूचं दार किंवा खिडकी फुटली की आतूनही छपराला ढकललं जातं. मग बाहेरची ओढ आणि आतला दाब यांची बेरीज होते. म्हणून दुरुस्तीच्या यादीत त्या बाजूच्या दाराची कडीकोयंडी आणि बिजागऱ्याही धरा.

समुद्रगाज

पत्र्यावर चिरे (जांभ्या दगडाचे ठोकळे), वाळूच्या गोणी किंवा जुने टायर ठेवतात. त्याने काहीच फायदा नाही का?

कोनवासा

वरचा हिशेब लावा. एका पत्र्याला अडीचशे किलोची ओढ आणि त्यावर दोन चिरे, म्हणजे फार तर साठ-सत्तर किलो. वारा पत्र्याची कड उचलतो, चिरा घसरतो आणि खाली पडतो. टायर तर शेजारच्या कौलांवर जाऊन आदळतो. वजन ठेवण्यापेक्षा त्याच दिवशी कडेच्या रांगेत जादा स्क्रू मारा.

पर्लिन

पत्र्याचं छप्पर कुठून सुटलं हे ओळखायच्या तीन खुणा आहेत. मोडतोड उचलण्याआधी त्या बघाव्यात आणि जवळून फोटो काढावेत.

पहिली खूण. स्क्रू पर्लिनमध्ये (पत्रा ज्यावर बसतो त्या आडव्या पाईपमध्ये किंवा लाकडात) जागेवर उभा आहे आणि पत्रा गेला. पत्र्याचं भोक तारकेसारखं फाटलेलं किंवा लांबट झालेलं दिसतं. याचा अर्थ पत्रा स्क्रूच्या डोक्यावरून ओढला गेला. स्क्रू कमी होते, वॉशर लहान होता किंवा पत्रा पातळ होता. वादळात हे एका झटक्यात होत नाही. पत्रा तासन्‌तास वरखाली फडफडतो आणि भोकाभोवती धातू थकून चीर पडते. १९७४ च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराची छपरं ट्रेसी वादळाने अशीच उडवली आणि त्यानंतर तिथल्या पत्रे बसवण्याच्या चाचण्या बदलल्या.

दुसरी खूण. पत्रा स्क्रूसकट खाली पडला आहे. स्क्रूच्या आट्यांत लाकडाचा भुसा किंवा लोखंडाचा चुरा असतो. म्हणजे पर्लिनने स्क्रू सोडला. चौकोनी पाईप पातळ असेल, गंजलेला असेल किंवा लाकूड कुजलेलं असेल. इथे नुसता नवा पत्रा घालणं म्हणजे पुढच्या वादळाची सोय करून ठेवणं.

तिसरी खूण. पर्लिन पत्र्यासकट गेलं. पर्लिन आणि कैचीचा (पर्लिन पेलणाऱ्या तिकोनी सांगाड्याचा) जोड बघा. वेल्डिंग नुसतं टाक्यांचं असतं, वर रंग मारलेला असतो, आणि तुटल्यावर आत जुना गंज दिसतो.

दुरुस्तीत काय करावं: पर्लिनचा पाईप किमान २ मिमी जाडीचा. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याला दोन पर्लिनमधलं अंतर ४ फुटांपेक्षा जास्त नको आणि वळचण, आढं व कडांजवळच्या गाळ्यांत ३ फूट. वळचणीबाहेर पत्रा एक फुटापेक्षा जास्त काढू नका. पावसाचा झोत येतो म्हणून दोन-अडीच फूट काढतात आणि वारा तिथेच पकडतो. पाऊस अडवायचा असेल तर खालून वेगळा आधार देऊन वेगळी झाप काढा. ती गेली तरी मुख्य छप्पर राहतं.

स्क्रू कडेच्या पर्लिनवर पत्र्याच्या प्रत्येक नळीला (उंचवट्याला), मधल्या पर्लिनवर एकाआड एक. ईपीडीएम रबराचा वॉशर असलेलाच स्क्रू घ्या. रबर वॉशरच्या कडेला किंचित फुगेल इतकाच आवळा. रबर बाहेर पिळून निघालं तर ते एका उन्हाळ्यात फाटतं, आणि स्क्रू तिरका गेला तर एक बाजू उघडीच राहते. ड्रिलिंगचा लोखंडी चुरा त्याच संध्याकाळी मऊ झाडूने काढा. तो पत्र्यावर राहिला तर पहिल्याच सरीनंतर गंजाचे ठिपके उठतात.

पत्रे बसवायला सुरुवात वारा जिथून येतो त्याच्या उलट्या टोकापासून. आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्येचा, म्हणून आडव्या जोडाची उघडी कड त्याच्याकडे तोंड करून नसावी. लांबीच्या जोडात एक पत्रा दुसऱ्यावर किमान ६ इंच.

रीपपट्टी

कौलांचं काम राहिलं, ते सविस्तर लिहिते.

सगळ्यात जास्त फसगत होते ती मापांत. मंगलोरी कौलं तीन मापांची येतात: ४१० बाय २३५, ४२० बाय २५० आणि ४२५ बाय २६० मिमी. शिवाय प्रत्येक कारखान्याचा साचा थोडा वेगळा. जुन्या कौलाच्या खाचेत नवं कौल बसल्यासारखं दिसतं, पण दोन-तीन मिमीची फट राहते आणि वाऱ्यासोबतचा पाऊस तिथून आत जातो. म्हणून फुटलेल्या जागी नवीन कौलं ठिगळासारखी भरू नका. दोन्ही पाखांवरची धड जुनी कौलं उतरवून एका पाखावर एकत्र करा आणि दुसरा पाखा पूर्ण नव्या कौलांचा करा. मजुरी वाढते, गळती थांबते.

रीपांचं अंतर पुस्तकातून घेऊ नका. आणलेल्या कौलांतली बारा कौलं जमिनीवर खाचेत अडकवून एका रांगेत मांडा. एकदा पूर्ण दाबून लांबी घ्या, एकदा पूर्ण ताणून घ्या, दोन्हींची सरासरी काढून एका कौलाचं अंतर ठरवा. बहुतेक वेळा ते ३१-३२ सेंमी येतं. जुन्या रीपांवर वेगळ्या मापाची कौलं चढवली की वरच्या रांगांत कौलाचा दात रीपेवर टेकतच नाही. ते नुसतं खालच्या कौलावर पडून राहतं आणि वारा तेच आधी उचलतो.

बांधणी. कौलाच्या पोटाला भोक असलेला दात असतो, तो तार ओवण्यासाठीच. वळचणीच्या पहिल्या तीन रांगा, आढ्याखालच्या दोन रांगा आणि पाखाच्या दोन्ही उभ्या कडांची दोन-दोन कौलं, ही सगळीच्या सगळी बांधायची. मधल्या भागात तीनात एक. काळी बाइंडिंग तार खाऱ्या हवेत टिकत नाही, स्टेनलेसची तार वापरा. तांब्याची तारही चालते, फक्त खाली जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पन्हाळ असेल तर नको. तांब्यावरून उतरलेलं पाणी पन्हाळीचं जस्त खातं.

आढ्यावरचे कोने (आढं झाकणारी कौलं) बसवायच्या आधी पाण्यात बुडवून ठेवा. कोरडा कोना चुन्या-सिमेंटचं पाणी शोषून घेतो आणि माल भुसभुशीत राहतो. सिमेंट-वाळू १ ला ४ पुरे. जास्त कडक माल उन्हात आकसतो आणि कोन्यापासून सुटतो. माल कोन्याच्या दोन्ही कडांखाली पट्टीसारखा लावायचा, पोटात ठासून भरायचा नाही.

कौलारू छपरावर चढताना पाय रीपेच्या ओळीवर, म्हणजे कौलांच्या जोडावर. शेवाळ धरलेल्या ओल्या कौलांवर चढूच नका. आढ्याला अडकवलेली आकड्याची शिडी लावा, कमरेला दोर असू द्या.

वळचण

रीपपट्टीताई, बारा कौलांची पद्धत फार उपयोगी आहे. वासे आणि भिंत यांच्या जोडाबद्दल कोणी लिहील का? जुन्या चिरेबंदी घरात वासे भिंतीवरच्या आडव्या लाकडावर नुसते टेकलेले असतात.

कोनवासा

कौलं बांधली आणि वासे मोकळे ठेवले, तर पुढच्या वेळी अख्खा पाखाच उचलला जाईल. जोर कौलातून रिपेत, रिपेतून वाशात, वाशातून भिंतीवरच्या लाकडात आणि तिथून भिंतीत गेला पाहिजे. यातला एक जरी जोड खिळ्यावर असला तरी तोच सुटणार, कारण खिळा सरळ वर ओढला की निघतो.

वाशावरून खोगिरासारखी लोखंडी पट्टी घ्या, ४० मिमी रुंद आणि ५ मिमी जाड, आणि ती खालच्या लाकडाला दोन्ही बाजूंनी आरपार बोल्ट करा. ते लाकूड भिंतीला धरायला १२ मिमीची सळई भिंतीत किमान तीन थर खाली न्या, खाली आडवी पट्टी देऊन अडकवा, वर आटे पाडून नट आवळा. जितके थर अडकले तितकं भिंतीचं वजन छपराला धरतं. वरच्या एकाच थरात रोवलेला बोल्ट तो चिरा घेऊनच वर येतो. अंतर चार-पाच फुटांवर एक, कोपऱ्यांपासून दोन फुटांच्या आत पहिला. भिंतीच्या माथ्यावर आरसीसीचा पट्टा घालत असाल तर सळई पट्ट्याच्या पोलादातच गुंतवा.

समुद्रगाज

सिमेंटच्या जुन्या पत्र्यांचं काय? बऱ्याच पडव्यांवर तेच आहेत.

पर्लिन

जुने सिमेंटचे पत्रे अ‍ॅसबेस्टॉसचे असतात. तुटलेले तुकडे कोरडे झाडू नका, पाणी मारून ओले करा, जाड प्लास्टिकमध्ये बांधा, तोंडाला पी-१०० फिल्टरचा मास्क लावा. ग्राइंडरने कापू नका, ती धूळ फुप्फुसात कायमची राहते. पत्र्यावर थेट पाय देऊ नका, दोन पर्लिनवर टेकणारी फळी टाका. अशा छपरावरून माणसं आरपार खाली पडतात.

भोक बोल्टपेक्षा २-३ मिमी मोठं पाडा आणि नट थोडा सैल ठेवा, कारण हा पत्रा आवळला की तडकतो. एखादाच फुटला असेल तर बदला. रांगच्या रांग फुटली असेल तर दुसरं साहित्य घ्या.

नोंदवही

विम्याबद्दल लिहितो. घराचा विमा असलेल्या बऱ्याच जणांकडे आता भारत गृह रक्षा ही पॉलिसी असते. आयआरडीएआयने, म्हणजे विमा नियामकाने, १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या जनरल विमा कंपन्यांना ही एकाच मजकुराची पॉलिसी द्यायला लावली, म्हणून कंपनी कुठलीही असली तरी मूळ अटी त्याच. वादळ, चक्रीवादळ, पूर, वीज, दरड आणि झाड पडून झालेलं नुकसान यात मूळ संरक्षणातच येतं. 'वादळाचं जादा कवच घेतलं नव्हतं' असं कोणी तोंडी सांगितलं तर पॉलिसीचा कागद काढून दाखवा.

छपराच्या दाव्याला लागू पडणाऱ्या चार गोष्टी. घराच्या विमा रकमेत दरवर्षी १० टक्के आपोआप वाढ धरलेली असते. विमा कमी रकमेचा होता म्हणून दावा त्या प्रमाणात कापण्याची पद्धत या पॉलिसीत नाही. ढिगारा उचलण्याचा खर्च दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि आर्किटेक्ट-इंजिनिअरची फी ५ टक्क्यांपर्यंत वेगळी मिळते, पण मागावी लागते. आणि 'घर' या शब्दात गॅरेज, घरगुती वापराची बाहेरची खोली, कंपाउंडची भिंत, फाटक, पाण्याची टाकी हेही येतं. त्यामुळे दाव्यात नुसतं मुख्य छप्पर लिहून थांबू नका.

याच्या उलट बाजूला: गवत, झावळ्या, बांबू, प्लास्टिक, ताडपत्री अशा भिंती किंवा छप्पर म्हणजे कच्चं बांधकाम. पॉलिसी घेताना छपराचा प्रकार खरा लिहिलेला असला पाहिजे. नंतर घराचं चटई क्षेत्र १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवलं असेल आणि कंपनीला कळवून हप्ता भरला नसेल, तर त्या वाढीव भागाचं नुकसान मिळत नाही. गच्ची पत्र्याने बंदिस्त करून खोली केलेले इथे अडकतात.

क्रम असा. कंपनीला लगेच कळवा, फोन केला तरी त्याच दिवशी ईमेल करा आणि दावा क्रमांक घ्या. दाव्याचा फॉर्म नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांत गेला पाहिजे. आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीने २४ तासांत सर्व्हेअर (नुकसान पाहून मोजणारा) नेमायचा, त्याचा अहवाल १५ दिवसांत आणि अहवालानंतर निर्णय ७ दिवसांत. या तारखा वहीत लिहून ठेवा, आठवणीचं पत्र पाठवताना त्याच कामी येतात.

समुद्रगाज

सर्व्हेअर येईपर्यंत छप्पर उघडं ठेवायचं का? कंपनीच्या फोनवर सांगतात की काही हलवू नका.

नोंदवही

नाही. नुकसान वाढू न देणं ही विमाधारकाचीच जबाबदारी आहे. ताडपत्री टाका, लटकणारे पत्रे उतरवा, भिजणारं सामान हलवा. आधी फोटो, मग काम, आणि ताडपत्री-दोरी-मजुरीची पावती. त्याच दिवशी एक ईमेल: 'पावसाचा धोका असल्याने आज तात्पुरतं झाककाम करत आहोत, मूळ स्थितीचे फोटो जोडले आहेत.' एवढी ओळ पुरते. कायमची दुरुस्ती मात्र पाहणी होईपर्यंत थांबवा.

तुटलेलं साहित्य विकू नका आणि पुरूही नका. फुटलेली कौलं एका कोपऱ्यात रचा, वाकलेले पत्रे मोजून ठेवा, स्क्रू-हुक पिशवीत भरा. पर्लिन यांनी सांगितलेल्या तीन खुणा सर्व्हेअरला हातात घेऊन दाखवता आल्या पाहिजेत.

खरा वाद होतो तो 'वादळ की जुनी झीज' यावर. फुटलेल्या कौलाची कड बघा. ताजी फूट आतून स्वच्छ लाल-भगवी असते आणि बोटाला भुकटी लागते. जुन्या फुटीची कड काळपट, तिच्यावर शेवाळाचा पापुद्रा. हे दोन ढीग वेगळे करा आणि ताज्याच ढिगाचा दावा करा. जुनी फुटकी कौलं घुसवली की सर्व्हेअर सगळ्याच ढिगाकडे संशयाने बघतो. वाशाचंही तसंच. ताजा तुटलेला वासा लांब, पांढुरक्या धशांनी तुटतो. वाळवीने खाल्लेला आखूड आणि मातकट तुटतो.

रीपपट्टी

एक भर घालते. वासा थोडा वाळवीने खाल्लेला होता म्हणून अख्ख्या पाखाचा दावा नाकारला जातो. ते मान्य करू नका. शेजारच्या धड वाशांवरचीही कौलं गेली असतील तर कारण वारा आहे. वाळवीचा वासा दाव्यातून वगळा, बाकीचं लावून धरा, आणि हे मोजमापासकट लेखी द्या.

नोंदवही

अगदी बरोबर. आता एस्टिमेट. 'छप्पर दुरुस्ती, एकूण अमुक रुपये' असा एकओळी कागद सर्व्हेअर हवा तसा कापतो. बाबवार द्या, आणि नग मोजणी जुळली पाहिजे.

नमुना: घर २० बाय ३० फूट, चारही बाजूंनी २ फूट वळचण, दोन पाखी, उतार ३० अंश. छपराचा आडवा आकार २४ बाय ३४, म्हणजे ८१६ चौरस फूट. उतारासाठी १.१५५ ने गुणा, ९४२ चौरस फूट, म्हणजे ९.४ ब्रास. ब्रासला साधारण १५० मंगलोरी कौलं, म्हणून १,४१० आणि फुटीसाठी १० टक्के धरून १,५५०. आढं ३४ फूट, मीटरला तीन कोने, म्हणजे ३२. रिपांची लांबी: उतारावर एका पाखाची लांबी १३.९ फूट, म्हणजे ४.२२ मीटर, ३२ सेंमी अंतराने १४ ओळी, दोन पाखांच्या २८ ओळी गुणिले ३४ फूट, ९५२ रनिंग फूट. पुढे तार, बोल्ट, पट्ट्या, कोन्यांचा माल, उतरवण्याची मजुरी, चढवण्याची मजुरी, ढिगारा, वाहतूक. प्रत्येक बाबीला दर आणि रक्कम वेगळी.

घराच्या चटई क्षेत्रावरून छपराचं क्षेत्र धरलं की वळचण आणि उतार दोन्ही सुटतात. वरच्या उदाहरणात ६०० आणि ९४२ एवढा फरक आहे. सर्व्हेअरसोबत टेप धरून उभे राहा आणि त्याने लिहिलेल्या मापांचा फोटो घ्या.

पर्लिन

कौलं काढून पत्रे घालायचे असतील तर दाव्यात काय लिहायचं? बरेच जण वादळानंतर हाच निर्णय घेतात.

नोंदवही

कंपनी होतं तसं करण्याचा खर्च देते, सुधारणेचा नाही. म्हणून एस्टिमेट कौलांचंच द्या आणि पत्र लिहून कळवा की त्या खर्चाच्या मर्यादेत पत्र्यांचं छप्पर करत आहोत. न सांगता पत्रे घालून पत्र्यांचं बिल लावलं तर 'सुधारणा' म्हणून कापतात. कोनवासा यांनी लिहिलेल्या पट्ट्या-सळया आधी नव्हत्या, त्यांचा खर्च वेगळा दाखवा आणि तो स्वतः सोसायची तयारी ठेवा.

वेगळ्या साच्याच्या कौलांचा मुद्दाही लेखी मांडा. जुन्या मापाचं कौल बाजारात मिळत नाही असं कौलवाल्याकडून लेटरहेडवर घ्या आणि एक जुनं, एक नवं कौल खाचेत बसवून फटीचा फोटो जोडा. त्याशिवाय पूर्ण पाखा बदलण्याचा खर्च कोणी मान्य करत नाही.

पॉलिसी भारत गृह रक्षा नसून जुन्या पद्धतीची, बाजारभावाच्या तत्त्वावरची असेल, तर घसारा कापला जाणारच. तेव्हा छप्पर शेवटचं कधी परतलं, वासे कधी बदलले याच्या पावत्या शोधा. घर ६० वर्षांचं असलं तरी कौलं १० वर्षांची असू शकतात, घसारा कौलांच्या वयावर मागा.

वळचण

सरकारी पंचनामा आणि विमा यांची गल्लत होते, त्यावर थोडं लिहितो.

तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी) आणि ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) करतात तो पंचनामा आपत्ती मदतीसाठी. २०२२ ते २०२६ च्या निकषांत अंशतः नुकसानाला किमान १५ टक्के पडझड लागत होती, आणि पक्क्या घराला ६,५०० तर कच्च्याला ४,००० रुपये असा दर होता. राज्य सरकार कधी त्यात भर घालतं. ही रक्कम छपराला पुरणारी नाही, पण पंचनाम्याचा कागद विम्यात मोलाचा असतो. तारीख, कारण आणि नुकसान सरकारी माणसाने पाहिल्याचा तो पुरावा आहे.

घोटाळा इथे होतो: पंचनाम्यात 'कौलांचे नुकसान अंदाजे १०,०००' असं एका ओळीत लिहितात आणि लोक सही करतात. पुढे सर्व्हेअर तोच आकडा समोर ठेवतो. सही करण्याआधी किती कौलं, किती पत्रे, किती वासे, कुठली भिंत हे नगांत लिहून घ्या. रकमेचा अंदाज लिहिलाच तर 'प्राथमिक अंदाज' हे शब्द घालून घ्या. नक्कल लगेच मागा.

समुद्रगाज

वडिलोपार्जित घर, नमुना ८ वर (ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीच्या उताऱ्यावर) चार भावांची नावं, पॉलिसी एकाच्या नावाने. आणि घर वर्षातले दहा महिने बंद. असे दावे मिळतात का?

नोंदवही

पॉलिसीधारकाचं नाव नमुना ८ वर असेल तर घरात त्याचा हितसंबंध आहे. बाकीच्यांचं संमतीपत्र आधीच करून ठेवा: दुरुस्ती आणि दाव्याची रक्कम स्वीकारण्याला हरकत नाही, सगळ्यांच्या सह्या. उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असेल तर वारसनोंद आजच टाका, वादळानंतर सगळ्यांनाच ग्रामपंचायतीत जायचं असतं. पॉलिसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेचंही पत्र लागतं.

बंद घराबाबत पॉलिसी घेतानाच कंपनीला लेखी कळवा आणि तिची पोच ठेवा. दर पावसाळ्याआधी छपराचे तारखेसह फोटो काढून स्वतःलाच ईमेल करा. 'आधीच मोडलेलं होतं' या आक्षेपाला याहून चांगलं उत्तर नाही.

रक्कम कमी आली तर सर्व्हे अहवालाची प्रत मागा आणि कुठली बाब का कापली ते बाबवार विचारा. 'पूर्ण व अंतिम' लिहिलेल्या व्हाउचरवर नाराजी असताना गुपचूप सही करू नका, आक्षेप लेखी नोंदवा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, सोबत आयआरडीएआयच्या बीमा भरोसा या तक्रारींच्या पोर्टलवर. महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. तिथे फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद चालतात. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत जायला हवं. कागद नाहीत एवढ्याच कारणाने दावा फेटाळता येत नाही असं २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे, तो मुद्दा तक्रारीत वरच लिहा.

रीपपट्टी

कारागिरांच्या पावत्यांचा प्रश्न बऱ्याचदा येतो. सुताराकडे छापील बिल नसतं. हाताने लिहिलेली पावती चालते, पण तिच्यात नाव, गाव, तारीख, कामाचं वर्णन, ब्रास किंवा नग, दर, रक्कम आणि सही हवी. पैसे शक्यतो बँकेतून द्या.

आणि शेवटचा हप्ता देण्याआधी छप्पर खालून तपासा. भर दुपारी माळ्यावर जाऊन दारं-खिडक्या बंद करा. उजेडाची बारीक रेघ दिसेल तिथे कौल खाचेत बसलेलं नाही, खडूने खूण करा. मग वळचणीच्या तीन रांगांतली कौलं खालून तळहाताने वर ढकलून बघा. बांधलेलं कौल किंचित हलतं पण उचललं जात नाही. एकही उचललं गेलं तर ती अख्खी रांग पुन्हा बांधून घ्या.

पर्लिन

पत्र्याला तीच तपासणी पाण्याच्या पाईपने. वळचणीपासून सुरू करून आढ्याकडे जा, प्रत्येक जोडावर पाच मिनिटं पाणी सोडा आणि खाली एकजण उभा करा. झोत वरून खाली, पावसासारखा सोडा. जोडाच्या उलट दिशेने मारला तर धड छप्परही गळतं. वर्षभराने, पावसाळ्याच्या आधी, कडेच्या रांगांतले सगळे स्क्रू एकदा हाताने तपासा. रबर कडक झालेलं असेल तर स्क्रू काढून त्याच भोकात एक नंबर जाड स्क्रू नव्या वॉशरसकट घाला.